खुर्चीचा शिक्का

विणून झालेल्या खुर्चीच्या बैठकीवर ताणबाई बोटाने टिचकी मारायची. टणक आवाज आला तर मान हलवून पुढे जायची. आवाज बसका आला तर कमरेची सुरी काढायची आणि बैठकीच्या मधोमध फिरवायची. दिवसभराचं काम एका रेघेत खाली लोंबायचं. विणणारीच्या डोळ्यांत पाणी आलं तरी ताणबाईचा चेहरा हलायचा नाही. "रड हवं तेवढं. पण रडता रडता नव्या पट्ट्या भिजत घाल," एवढंच म्हणायची.

ताणबाई हे नाव तिला कारखान्यातल्या बायकांनी दिलं. नवी मुलगी कामाला लागली की पहिल्याच दिवशी ती सांगायची, "नक्षी कुणालाही जमते. ताण जमला पाहिजे. आज कुणी जाडजूड माणूस बसला आणि उद्या खुर्चीचा झोळा झाला, तर ती खुर्ची नव्हे, पाळणा."

कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. एका टोकाला सिमेंटची टाकी, तिच्यात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या. भिंतीशी खुर्च्यांचे लाकडी सांगाडे रचलेले. मधे लांब बाक, आणि बाकावर ओळीने बायका.

काम दिसायला बैठं. बघणाऱ्याला वाटायचं, काय मजेत बसल्यात. पण करणारीला विचारावं. सांगाडा मांडीवर उभा धरायचा आणि त्याची वरची कड छातीच्या डाव्या बाजूला टेकवायची. डाव्या हाताने भोकात लाकडी खुंटी दाबून धरायची आणि उजव्या हाताने ओली पट्टी ओढायची, करकरेपर्यंत. पट्टी हाताने ओढली तरी टेकू छातीचाच. प्रत्येक ओढीला सांगाडा छातीत रुततो. दिवसाकाठी अशा किती ओढी, ते मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

त्यामुळे प्रत्येकीच्या छातीवर डावीकडे एक जागा कायम दुखरी. कधी हिरवी-निळी, कधी नुसतीच टरटरलेली, कधी आत घट्टसर लागणारी. बायका तिला खुर्चीचा शिक्का म्हणायच्या. नवी मुलगी पदर सावरत कळवळली की जुन्या हसायच्या, "लागला शिक्का? आता तू पक्की झालीस." त्यावर औषध ठरलेलं होतं. घरी गेल्यावर गरम कापडाने शेकायचं आणि दुखणं अंगावर काढायचं. सगळ्यांना आहे त्याची तक्रार कुणाकडे करणार?

ताणबाई मात्र डावखुरी. लिहायला आणि जेवायला लहानपणी तिला उजवा हात लावून घेतला होता, तिथे ती वळली. पण जोर लावायची वेळ आली की डावाच पुढे यायचा. पट्टी ओढायची ती डाव्या हाताने. म्हणून तिची जागा बाकाच्या अगदी डाव्या टोकाला. तिथे कोपर मोकळं फिरायचं, कुणाला लागायचं नाही.

तिच्या उजवीकडे तिची धाकटी जाऊ बसायची. कारखान्यात तिला सगळ्या धाकटीच म्हणत. दोघी एकाच घरात नांदलेल्या, आता एकाच जिन्यावर समोरासमोरच्या खोल्यांत राहत होत्या. धाकटीची जीभ तिच्या हातापेक्षा वेगाने चालायची आणि सगळ्यात जास्त बैठका तिच्याच कापल्या जायच्या. "घरात जाऊबाई, इथे सासूबाई," ती म्हणायची. "मला सुटका कुठेच नाही."

"सुटका हवी तर पट्टी ओढ. जीभ किती ओढशील?" ताणबाई म्हणायची.

एका सकाळी आंघोळ करताना ताणबाईच्या हाताला एक गाठ लागली. डाव्या बाजूला, वरच्या अंगाला, काखेच्या जवळ. सुक्या वाटाण्याएवढी. दाबली तर दुखली नाही. बोटाने ढकलली तर सरकली नाही. ताणबाई पाणी ओतायची थांबली. मग स्वतःलाच म्हणाली, शिक्का असेल.

शब्द तयार होता, तो तिने उचलला आणि गाठीवर ठेवून दिला. पाणी अंगावर घेतलं, कपडे केले, कामाला गेली.

आपण सांगाडा कुठे टेकवतो हे तिला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? रोज उजवी बाजू शेकायची तीच. पण माणूस स्वतःपुरतं आंधळं होऊ शकतं. आणि तिला कारण होतं. पूर्वी बाकावर तिच्या शेजारी एक बाई बसायची, लांब वेणीची. तिच्या हाताला वाऱ्याचा वेग. तिचं कसलं तरी ऑपरेशन झालं. कसलं, ते मोठ्याने कुणी बोललं नाही, अळीमिळी गुपचिळी. पुढे एकदा ती कारखान्यात भेटायला आली तेव्हा तिचा एक हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजून लोडासारखा झाला होता. ती टाकीजवळ बसली, भिजलेली एक पट्टी उचलून बोटांत धरून पाहिली, परत पाण्यात सोडली आणि गेली. काखेत काहीतरी कापतात आणि मग हात असा होतो, एवढंच ताणबाईने मनात धरलं. मरणाचं ती फारसं मनावर घेत नसे. पण ओढता न येणारा डावा हात घेऊन बाकाच्या टोकाला कशाला बसायचं?

म्हणून ती गप्प राहिली. वाटाणा मात्र जागेवर होता. ती रोज त्याला बोट लावून बघायची आणि रोज म्हणायची, शिक्का.

अशात आरोग्य केंद्रातून नर्सबाई आल्या. मालकाने सामानाची खोली रिकामी करून दिली, खिडकीवर चादर ठोकली, एक लांब टेबल आत नेलं. नर्सबाई ठेंगण्या, दणकट, बाह्या सरसावलेल्या. आल्या आल्या बाकासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "छाती तपासणार आहे. गाठबीठ आहे का, एवढंच बघायचं. सुई नाही, यंत्र नाही. हे माझे दोन हात, आणि ते गरम पाण्यात बुडवून घेते, त्यामुळे गार लागणार नाहीत."

बाकावर खसखस पिकली.

"आम्हाला काही होत नाही, बाई," एकजण म्हणाली.

"होत नाही तेव्हाच दाखवायचं. दुखायला लागलं की सगळ्याच धावत येतात. मग मला धावावं लागतं."

"म्हणजे हात दाखवून अवलक्षण," धाकटी पुटपुटली.

"हात नको दाखवू, छाती दाखव," नर्सबाई म्हणाल्या. त्यावर धाकटीसुद्धा हसली आणि सगळ्यांत आधी तीच आत गेली.

बाहेर आली ती काख चोळत. "सगळं बघतात गं. काखसुद्धा. काखेत कळसा आहे का बघतात!"

एकामागून एक बायका गेल्या. थोड्या वेळाने नर्सबाईच हात पुसत बाहेर आल्या. कपाळाला आठी. "प्रत्येकीला डावीकडे, एकाच जागी दुखतंय. असं माझ्या नोकरीत पाहिलं नाही. तुम्ही करता तरी काय?"

धाकटीने सांगाडा छातीला टेकवून पट्टी ओढून दाखवली. नर्सबाईंनी तिला उठवलं, स्वतः बसल्या, सांगाडा घेतला आणि ओढलं. पट्टी बोटभरही सरकली नाही, पण सांगाड्याने त्यांना चांगलाच दणका दिला.

"बाप रे!" त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "आणि हे तुम्ही दिवसभर?"

"यालाच शिक्का म्हणतात," बायका कौतुकाने म्हणाल्या. "आता तुम्हीपण पक्क्या झालात."

नर्सबाई हसल्या, पण उठता उठता म्हणाल्या, "मार लागून दुखतं, घट्ट होतं, ते खरं. कधी मारानेही गाठ धरते. पण हे शिक्का म्हणून आपल्या मनाने ठरवायचं नाही. मी हात लावल्याशिवाय एकीलाही शिक्क्याचं सर्टिफिकेट देणार नाही."

उन्हं उतरली. बाक जवळजवळ सगळा तपासून झाला. ताणबाई मान खाली घालून एका खुर्चीची शेवटची तिरपी ओळ घालत होती.

"जाऊबाई, तुमचा नंबर," धाकटी म्हणाली.

"हे पुरं करते."

"मघापासून पुरं करताय. ओढत काहीच नाही."

"मला नाही जायचं. माझं मला माहीत आहे. शिक्काच आहे तो. सगळ्यांना आहे तसा."

बोलून गेली आणि ताणबाईचे हात थांबले. आजवर तिने शिक्क्याची तक्रार कधी केली नव्हती. आज न विचारता केली होती.

धाकटीचेही हात थांबले. "कुठे आहे तुम्हाला शिक्का?"

"सगळ्यांना असतो तिथेच. डावीकडे."

धाकटीने आपल्या डाव्या दंडावरचा पदर बाजूला केला. दंडावर एक जुना, घट्टा पडलेला काळसर डाग होता.

"हा कशाचा? रोज तुमच्या सांगाड्याचा कोपरा लागतो इथे. कारण तुम्ही तो उजवीकडे टेकवता, माझ्या बाजूला. इतकी वर्षं मार खातेय मी, मला नाही कळणार?" तिचा आवाज खाली आला. "मार उजवीकडे आणि वळ डावीकडे, असं कसं हो जाऊबाई?"

"तू तुझं काम बघ."

धाकटीने काम बघितलं नाही. तिने ताणबाईच्या कमरेची सुरी उपसली आणि ताणबाईच्या मांडीवरच्या, पुऱ्या होत आलेल्या बैठकीवर टेकवली. सगळा बाक बघायला लागला.

"जाता आत, की फिरवू?"

"धाकटे, खुळी झालीस का? दिवसभराचं काम आहे."

"माझी दिवसभराची किती कापलीत, हिशेब काढू? जाता की फिरवू?"

तिच्या डोळ्यांत हसू नव्हतं. ताणबाईने तिच्याकडे पाहिलं, खुंटी भोकात ठोकून पट्टी अडकवली, सांगाडा नीट खाली ठेवला आणि उठली.

सामानाच्या खोलीत वॉर्निशचा वास होता. नर्सबाईंनी आधी तिला बसवून नुसतं पाहिलं. हात वर करायला लावले, मग कमरेवर दाबायला लावले. मग टेबलावर आडवं केलं, डावा हात डोक्याखाली घ्यायला सांगितला, गरम पाण्यात हात बुडवून पुसले आणि सुरुवात केली.

ताणबाई छताकडे बघत होती, पण तिचं सगळं लक्ष त्या बोटांवर होतं. कुणाचंही काम चालू असलं की ते पारखायची सवय तिला सुटत नव्हती. मधल्या तीन बोटांची गादी. टोकं नव्हेत, नखं नव्हेत, गादी. एका जागी लहानसं वर्तुळ, आधी हलकं, मग जरा दाबून, मग खोल, बरगडीपर्यंत. मग बोट न उचलता पुढची जागा. गळ्याच्या हाडापासून खाली, मग लगतच्या ओळीने वर. दोन ओळींत फट नाही. घाई नाही. दिवसभर एवढ्या बाया तपासल्यावर शेवटचीला माणूस उरकतं. ही बाई उरकत नव्हती. उभी ओळ घालावी तशी घालत होती. काम चोख आहे, ताणबाईला वाटलं. अशा हातातून काही सुटणार नाही.

बोटं काखेजवळ आली आणि थांबली. हलकं, दाबून, खोल. पुन्हा तेच.

"हे कधीपासून?"

"झाले असतील काही महिने. शिक्का आहे तो."

"दुखतं?"

"नाही."

नर्सबाईंनी काख तपासली. मग उजवी बाजू, तितकीच सावकाश. उजवीकडे बोट लागताच ताणबाईने ओठ चावला. नर्सबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"इथे दुखतं. तिथे दुखत नाही. बाकी सगळ्यांचं उलटं आहे." त्यांनी विचारलं, "पट्टी कुठल्या हाताने ओढता?"

ताणबाईला खोटं बोलता आलं असतं. नर्सबाईंनी तिला ओढताना पाहिलं नव्हतं. पण डोक्याखालचा डावा हात काढून तिने तो वर धरला.

नर्सबाईंनी मान हलवली. तिचा हात परत खाली ठेवून त्यावर आपला हात ठेवला. "हातांनी मला एवढंच कळतं की गाठ आहे. कशाची, ते हात सांगत नाहीत. त्यासाठी मोठ्या दवाखान्यात फोटो काढतील, सुई घालून तुकडा तपासतील. बहुतेक गाठी साध्या निघतात. पण बहुतेकच्या भरवशावर घरी बसायचं नाही."

"आणि साधी नसली तर?"

"तर काढायची."

"हात जाईल का माझा?" ताणबाईने विचारलं. तिला वाटलं होतं हा प्रश्न विचारताना आवाज फुटेल. नाही फुटला. "एकीचा पाहिलाय मी. लोडासारखा."

"खोटं वचन देत नाही. पण गाठ लहान आहे, काखेत माझ्या हाताला काही लागत नाही. लहान असताना गेलात तर थोडक्यात काढतात आणि हात राहायची शक्यता चांगली. वाढवत बसलात तर हात राखता राखता हातही जाईल आणि तुम्हीही. उद्या जाताय?"

"परवा. ती खुर्ची पुरी करून."

"उद्या," दारामागून धाकटीचा आवाज आला. "खुर्ची मी पुरी करते."

"तू?" ताणबाई उठून बसली. "मग तर ती कापलेलीच बरी."

गाठ साधी निघाली नाही. कॅन्सरच होता, पण लहान, आणि पसरलेला नव्हता. डॉक्टरांनी गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढला, काखेतल्या दोनचार बारीक ग्रंथी तपासायला काढल्या, छाती ठेवली. मग मशीनवर किरणांचा शेक घ्यायला रोजची फेरी सुरू झाली. सोबतीला धाकटी. दवाखान्याच्या बाकावर ताटकळताना तिने समोरच्या खुर्चीच्या बैठकीवर टिचकी मारली आणि म्हणाली, "प्लास्टिकची आहे, जाऊबाई. कापू नका." ताणबाई हसली आणि टाक्यांची जागा ओढली गेली म्हणून तिला शिव्या घातल्या.

ऑपरेशननंतर डावा हात खांद्याच्या वर जाईना. व्यायाम शिकवला होता: भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची. ताणबाईने खोलीच्या भिंतीवर कोळशाची रेघ मारली. रोज त्या रेघेपर्यंत बोटं न्यायची आणि एक अंगुळ पुढे. घाम फुटायचा, काखेत दोर ताणल्यासारखं व्हायचं. नवरा म्हणायचा, "आज राहू दे." ती म्हणायची, "आज राहू दिलं की उद्या ढिलं पडतं." अडलीच तर समोरच्या खोलीतून धाकटी ओरडायची, "पोचली का बोटं? की मी सुरी घेऊन येऊ?" भिंतीवर रेघांची शिडी झाली. हात सुजला नाही. तरी नर्सबाईंनी बजावलं होतं, सूज आली तर त्याच दिवशी दाखवायचं, आणि या वेळी आपल्या मनाने नाव ठेवायचं नाही.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर ती कारखान्यात परत गेली. दरम्यान नर्सबाई मालकाच्या मागे लागल्या होत्या आणि मालकाने बाकावर लोखंडी पकडी बसवल्या होत्या. सांगाडा आता पकडीत आवळायचा, छातीला लावायचा नाही. जुन्या बायका कुरकुरत होत्या, लोखंडाला अंदाज नसतो म्हणे. एकजण चोरून छातीनेच विणत होती. ताणबाईने तिच्या समोर जाऊन सांगाडा काढून घेतला आणि पकडीत घातला.

मग आपल्या टोकाला बसली. पट्टी पाण्यातून काढली, भोकात ओवली, डाव्या हाताने ओढली. हात चालला, पण पूर्वीसारखा नाही. मधेच थांबावं लागत होतं. एका दिवसाची बैठक पुरी व्हायला तिला पुढचा दिवसही लागला. शेवटची पट्टी अडकवून तिने खुंटी काढली आणि हात मांडीवर ठेवला. बाकावरच्या सगळ्या जणी बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, "छान झाली हो." कुणी डोळे पुसले.

धाकटी उठली. खुर्चीसमोर आली, वाकली आणि बैठकीवर बोटाने टिचकी मारली.

आवाज बसका आला.

धाकटीने ताणबाईकडे पाहिलं. छान म्हणून सोडून द्यायचं तिच्याही ओठांवर आलं होतं, तिच्या तोंडाकडे बघून ते कळत होतं. ते तिने गिळलं.

"ढिली आहे, जाऊबाई," ती म्हणाली.

ताणबाईने स्वतः टिचकी मारली. ऐकलं. मग कमरेची सुरी काढली, बैठकीच्या मधोमध फिरवली आणि लोंबणाऱ्या पट्ट्या गोळा करू लागली.

"उभी काय राहिलीस?" ती धाकटीला म्हणाली. "नव्या पट्ट्या भिजत घाल."